घटक ५ : आत्मनिष्ठ व वस्तुनिष्ठ प्रकारता आणि उपवाक्याची रचना

५.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस पुढील गोष्टी करता येतील :
• प्रकारता ही संकल्पना स्पष्ट करता येईल.
• आत्मनिष्ठ आणि वस्तुनिष्ठ प्रकारता यांतील भेद मराठी उदाहरणांच्या आधारे सांगता येईल.
• काळ, नकार, संकेत इत्यादी कसोट्या लावून एखाद्या वाक्यातील प्रकारता कोणती, हे ठरवता येईल.
• उपवाक्याच्या स्तररचनेत या दोन प्रकारांचे स्थान कोठे असते, याविषयी अभ्यासकांची मते विशद करता येतील.

५.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण क्रियापदाच्या ‘अर्थां’चा विचार केला. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ असे क्रियापदाचे चार अर्थ पारंपरिक मराठी व्याकरणात सांगितले जातात. त्यांतील विध्यर्थाखाली कर्तव्य, योग्यता, इच्छा, शक्यता, तर्क असे अनेक उपार्थ एकत्र आलेले आपण पाहिले. हे उपार्थ एकाच रूपाने व्यक्त होत असले, तरी वाक्याच्या रचनेत त्यांचे कार्य सारखेच असते काय, हा प्रश्न तेथे अनुत्तरित राहिला होता. त्याचा विचार या घटकात करावयाचा आहे.

आरंभी एक प्रसंग घेऊ. पावसाळ्याचे दिवस आहेत. नदीला पूर आला आहे. पलीकडच्या गावी निघालेला एक प्रवासी वाटेत दोघांना पुलाची चौकशी करतो. त्याला दोन उत्तरे मिळतात :

(१) पूल बंद असावा.
(२) पूल बंद असण्याची शक्यता आहे.

वरवर पाहता दोन्ही उत्तरांचा आशय एकच वाटतो. पूल बंद आहे असे कोणीच निश्चितपणे सांगितलेले नाही. तथापि दोघांनी पत्करलेली जबाबदारी सारखी नाही. पहिल्याने स्वतःचा तर्क मांडला आहे. दुसऱ्याने परिस्थितीविषयी एक विधान केले आहे, आणि ते विधान खरे की खोटे, असे त्याला विचारता येते. हा फरक केवळ सूचित अर्थाचा आहे की वाक्याच्या बांधणीतही दिसतो, हे आता पाहू.

५.३ विषय-विवेचन

५.३.१ प्रकारता म्हणजे काय?

‘पूल बंद आहे’ या वाक्यात एक वस्तुस्थिती सांगितली आहे. ‘पूल बंद असावा’, ‘पूल बंद ठेवावा’, ‘पूल बंद ठेवावा लागतो’ या वाक्यांत ती वस्तुस्थिती तशीच न सांगता तिला शक्यता, तर्क, कर्तव्य, आवश्यकता यांपैकी कशाची तरी जोड दिली आहे. या जोडीला भाषाविज्ञानात ‘मोडॅलिटी’ म्हणतात. या घटकात आपण तिच्यासाठी ‘प्रकारता’ ही संज्ञा योजणार आहोत.

प्रकारतेचे स्थूलमानाने दोन विभाग केले जातात. आशयाच्या खरेखोटेपणाविषयीच्या ज्ञानाशी संबंधित ती ज्ञानविषयक प्रकारता. कृतीच्या बंधनाशी वा मोकळिकीशी संबंधित ती कर्तव्यविषयक प्रकारता. आत्मनिष्ठ आणि वस्तुनिष्ठ हा भेद या दोन्ही विभागांना छेदून जातो, हे लक्षात ठेवावे.

५.३.२ लायन्स यांचे विवेचन

हा भेद ब्रिटिश भाषावैज्ञानिक जॉन लायन्स यांनी ‘सिमँटिक्स’ या द्विखंडात्मक ग्रंथात (१९७७) सविस्तर मांडला. त्यांचे उदाहरण असे : नव्वद माणसांच्या एका समूहात अल्फ्रेड नावाचा एक इसम आहे. त्यांपैकी तीस जण अविवाहित आहेत एवढे आपणांस माहीत आहे. पण ते कोण, हे माहीत नाही. अशा वेळी अल्फ्रेड अविवाहित असण्याची शक्यता ही बोलणाऱ्याच्या मनःस्थितीवर अवलंबून नसते. ती संख्येवरून निघते आणि कोणालाही ताडून पाहता येते. ही वस्तुनिष्ठ प्रकारता होय. याउलट अशी कोणतीही गणना हाताशी नसताना, केवळ स्वतःच्या अनिश्चिततेमुळे कोणी ‘अल्फ्रेड अविवाहित असेल’ असे म्हटले, तर ती आत्मनिष्ठ प्रकारता होय.

हा भेद मांडण्यासाठी लायन्स यांनी नीतितत्त्वज्ञ आर. एम. हेअर यांची त्रिभागणी स्वीकारली. उच्चारलेल्या प्रत्येक विधानाचे तीन घटक मानता येतात. पहिला ‘फ्रास्टिक’, म्हणजे निव्वळ आशय. दुसरा ‘ट्रॉपिक’, म्हणजे ‘असे आहे’ हा वस्तुस्थितिदर्शक घटक. तिसरा ‘न्यूस्टिक’, म्हणजे ‘असे मी म्हणतो’ हा वक्त्याच्या हमीचा घटक. वस्तुनिष्ठ प्रकारता ‘असे आहे’ या घटकाला मर्यादा घालते : ‘असे असणे शक्य आहे, हे मी म्हणतो.’ येथे हमी पूर्ण आहे. आत्मनिष्ठ प्रकारता हमीलाच मर्यादा घालते : ‘असे आहे, असे मी बहुधा म्हणेन.’ आपल्या प्रवाशाला मिळालेल्या दोन उत्तरांतील फरक नेमका हाच आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
वस्तुनिष्ठ प्रकारतेच्या वाक्यात वक्त्याची हमी पूर्ण असते, असे का म्हटले जाते?

५.३.३ मराठीतील कसोट्या

लायन्स यांची मांडणी अर्थाच्या अंगाने आहे. आता मराठीच्या रचनेत तिचा पुरावा शोधू. अग्राह्य वाक्यापूर्वी फुलीचे चिन्ह (*) दिले आहे.

(अ) काळाची कसोटी

(३) काल रात्री पूल बंद झाला असावा.
(४) काल रात्री पूल बंद होण्याची शक्यता होती.

वाक्य (३) मध्ये पूल बंद होणे कालचे आहे. तर्क मात्र आत्ताचा, म्हणजे बोलण्याच्या क्षणाचा आहे. वाक्य (४) मध्ये शक्यताच कालची आहे. ती आज उरली नसेल, असेही म्हणता येते. ‘शक्यता’ भूतकाळात जाऊ शकते : होती, नव्हती. ‘असावा’मधील तर्काला मात्र भूतकाळ लावता येत नाही, ‘*असावा होता’ असे रूप मराठीत नाही. वस्तुनिष्ठ प्रकारता काळाच्या कक्षेत येते आणि आत्मनिष्ठ प्रकारता काळाच्या कक्षेबाहेर राहते, असा याचा अर्थ होतो.

(आ) नकाराची कसोटी

(५) पूल बंद नसावा.
(६) पूल बंद असण्याची शक्यता नाही.
(७) पूल बंद नसण्याची शक्यता आहे.

‘शक्यते’च्या वाक्यात नकाराला दोन जागा आहेत. (६) मध्ये शक्यता नाकारली आहे, (७) मध्ये बंद असणे नाकारले आहे. वाक्य (५) हे विध्यर्थी रूप असल्याने ‘पूल बंद असू नये’ अशी इच्छाही त्यातून निघू शकते. आपण येथे फक्त तर्काचा अर्थ घेत आहोत. त्या अर्थी (५) चा एकच अन्वय लागतो : ‘पूल बंद नाही, असा माझा तर्क आहे.’ ‘पूल बंद आहे असा माझा तर्क नाही’ हा अर्थ त्यातून काढता येत नाही. ‘असावा’च्या पोटात नकार शिरला, तरी तर्क मोडत नाही, मोडतो तो फक्त आशय. प्रवाशाच्या दृष्टीने (५) आणि (६) यांत मोठे अंतर आहे. (६) ऐकून तो निर्धास्तपणे निघेल. (५) ऐकून त्याने आणखी एकास विचारावे, हे बरे.

(इ) संकेताची कसोटी

(८) पूल बंद असण्याची शक्यता असेल, तर दुसऱ्या रस्त्याने जा.
(९) *जर पूल बंद असावा, तर दुसऱ्या रस्त्याने जा.

शक्यता ही अट म्हणून मांडता येते. वक्त्याचा तर्क तसा मांडता येत नाही. ‘पूल बंद असेल, तर दुसऱ्या रस्त्याने जा’ हे वाक्य बिनचूक आहे, पण त्यातील ‘असेल’ हा तर्क नसून संकेताचे साधे रूप आहे. रूप एकच असले तरी कार्य निराळे असू शकते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

(ई) गौण वाक्याची कसोटी

(१०) पूल बंद असण्याची शक्यता आहे, हे मला ठाऊक आहे.
(११) *पूल बंद असावा, हे मला ठाऊक आहे.
(१२) पूल बंद असावा, असे मला वाटते.

‘ठाऊक असणे’ या क्रियेला वस्तुस्थितीची अपेक्षा असते. शक्यता ही वस्तुस्थिती म्हणून ठाऊक असू शकते. तर्क वस्तुस्थिती नसल्याने (११) खटकते. ‘वाटणे’ ही क्रिया मतच मागते; म्हणून (१२) सहज वाटते.

(उ) क्रमाची कसोटी

(१३) नावाड्याला नदी ओलांडता येण्याची शक्यता असावी.

या वाक्यात तीन प्रकारचे अर्थ एकाबाहेर एक आले आहेत. सर्वांत आत ‘ओलांडता येणे’ हे नावाड्याचे सामर्थ्य, त्याबाहेर ‘शक्यता’, आणि सर्वांत बाहेर ‘असावी’ हा वक्त्याचा तर्क. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येत असल्यामुळे आतून बाहेर जाणारा हा क्रम डावीकडून उजवीकडे उघड दिसतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
‘गाडी चुकली नसावी’ आणि ‘गाडी चुकण्याची शक्यता नाही’ या वाक्यांत नकार कशाला लागला आहे?

५.३.४ कर्तव्यविषयक प्रकारतेत हाच भेद

आता ग्रंथालयाच्या सूचनाफलकावर आढळणारी वाक्ये पाहा :

(१४) सभासदांनी अनामत रक्कम भरावी.
(१५) सभासदांना अनामत रक्कम भरावी लागते.

वाक्य (१४) ने सूचना केली जाते. फलक लावणारा अधिकारी त्या वाक्यानेच सभासदांवर बंधन घालतो. वाक्य (१५) मध्ये आधीपासून असलेल्या बंधनाची माहिती आहे. ती ग्रंथपाल देईल, तसाच एखादा जुना सभासदही देईल. पहिले वाक्य आत्मनिष्ठ, दुसरे वस्तुनिष्ठ. रचनेतही फरक आहे : पहिल्यात कर्त्याला ‘नी’ हा प्रत्यय लागतो, दुसऱ्यात ‘ना’. काळाची कसोटी लावली, तर ‘भरावी लागत असे’, ‘भरावी लागेल’ अशी रूपे मिळतात. ‘भरावी’ला मात्र अशी काळाची रूपे नाहीत. नकार घातल्यावर तर दोन्ही वाक्ये परस्परांपासून पार दूर जातात :

(१६) सभासदांनी अनामत रक्कम भरू नये.
(१७) सभासदांना अनामत रक्कम भरावी लागत नाही.

(१६) मध्ये मनाई आहे, (१७) मध्ये सूट आहे. (१७) वाचून एखाद्याने स्वखुशीने रक्कम भरली, तर नियमभंग होत नाही. (१६) असताना भरली, तर होतो. (५) आणि (६) यांतील नाते येथे पुन्हा दिसते. आत्मनिष्ठ रूपात नकार आशयाला लागतो, वस्तुनिष्ठ रूपात प्रकारतेला. ज्ञान आणि कर्तव्य ही क्षेत्रे इतकी भिन्न असूनही नकाराचे वर्तन दोहोंत सारखेच आढळावे, हे लक्षणीय आहे. त्यामागे शब्दांचा योगायोग नसून रचनेचे तत्त्व असले पाहिजे.

५.३.५ उपवाक्याचे स्तर

हे तत्त्व मांडण्याचा प्रयत्न अनेक व्याकरणपद्धतींनी केला आहे. डच भाषावैज्ञानिक सायमन डिक यांनी १९७८ मध्ये ‘फंक्शनल ग्रामर’ ही पद्धती मांडली. त्याच परंपरेतील केस हेंगेवेल्ड यांनी १९८८–८९ च्या सुमारास उपवाक्याची स्तररचना विकसित केली आणि डिक यांनीही ती १९८९ च्या आपल्या ग्रंथात स्वीकारली. या रचनेचे चार स्तर सोप्या शब्दांत असे :

१. विधेय : क्रिया वा गुण. कर्त्याचे सामर्थ्य वा इच्छा दर्शवणारी अंगभूत प्रकारता याच्या निकट असते. उदा., ओलांडता येणे.
२. घटना : विधेय आणि त्याच्याशी निगडित व्यक्ती-वस्तू मिळून होणारी स्थिती. काळ, नकार आणि वस्तुनिष्ठ प्रकारता यांचे कार्य या स्तरावर चालते. उदा., शक्यता आहे, भरावी लागते.
३. प्रतिज्ञप्ती : जिच्याविषयी खरे-खोटे म्हणता येते, जी मानता वा नाकारता येते, ती. आत्मनिष्ठ ज्ञानविषयक प्रकारता येथे येते. उदा., असावा. ऐकीव माहिती दर्शवणारे ‘म्हणे’ हे अव्ययही याच स्तरावरचे : ‘पूल बंद आहे म्हणे.’
४. उक्ती : विधान, प्रश्न, आज्ञा अशी संपूर्ण वाक्कृती. ‘भरावी’ या सूचनेतील बंधन बोलण्याच्या कृतीतूनच निर्माण होते. म्हणून त्याचे नाते या स्तराशी जोडता येते.

बाहेरच्या स्तरावरील घटक आतील स्तरांना कक्षेत घेतो. आतील घटक बाहेरच्याला घेऊ शकत नाही. या एका नियमाने आपल्या कसोट्यांची संगती लागते. काळ दुसऱ्या स्तरावर असल्याने तो ‘शक्यते’ला भूतकाळात नेऊ शकतो, तिसऱ्या स्तरावरील तर्काला नेऊ शकत नाही. नकाराचेही तसेच. ‘ठाऊक असणे’ हे घटनेच्या वस्तुस्थितीवर थांबते आणि ‘वाटणे’ प्रतिज्ञप्तीला कवेत घेते. म्हणून (११) आणि (१२) यांत फरक पडतो.

विल्यम फोली व रॉबर्ट व्हॅन व्हॅलिन यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या पद्धतीतही उपवाक्याचे केंद्र, गाभा आणि परीघ असे स्तर आहेत. सामर्थ्य व बंधन यांना ते गाभ्याच्या स्तरावर ठेवतात आणि ज्ञानविषयक प्रकारतेला त्याबाहेरच्या स्तरावर. अगदी वेगळ्या, म्हणजे निर्मितिवादी परंपरेतील गुग्लिएल्मो चिंक्वे यांनी १९९९ मध्ये अनेक भाषांच्या आधारे मांडलेल्या श्रेणीतही ज्ञानविषयक प्रकारतेचे स्थान काळाच्या वर आणि सामर्थ्य-बंधनाचे स्थान काळाच्या खाली आहे. परस्परांशी फारसे न जुळणारे हे सिद्धान्त या मुद्द्यावर जवळ येतात.

५.३.६ मतभेद आणि मर्यादा

हा भेद सर्वांनी सारख्याच रीतीने मान्य केलेला नाही. दैनंदिन वापरात ही सीमारेषा काटेकोर राहत नाही, हे स्वतः लायन्स यांनीच नमूद केले आहे. एफ. आर. पामर यांनी १९८६ च्या ग्रंथात भाषेतील प्रकारता मुख्यतः वक्त्याच्या मनोभूमिकेशीच निगडित मानली. त्यामुळे वस्तुनिष्ठ प्रकारतेला त्यांच्याकडे गौण स्थान मिळते. यान नाउट्स यांनी २००१ मध्ये वेगळाच निकष सुचवला : तर्काचा आधार एकट्या वक्त्यापाशी आहे की तो इतरांनाही उपलब्ध आहे?

एम. ए. के. हॅलिडे यांनी १९८५ च्या ग्रंथात आत्मनिष्ठ-वस्तुनिष्ठ हेच शब्द वापरले, पण निकष बदलला. त्यांच्या पद्धतीने ‘मला वाटते’ हे उघड आत्मनिष्ठ, ‘शक्यता आहे’ हे उघड वस्तुनिष्ठ, तर ‘बहुधा’सारखी क्रियाविशेषणे प्रच्छन्न वस्तुनिष्ठ ठरतात. आपल्या कसोट्यांनी मात्र ‘बहुधा’ आत्मनिष्ठ ठरते. ‘बहुधा पूल बंद नाही’ या वाक्यात नकार ‘बहुधा’ला लागत नाही. हा विरोध खरा नाही. हॅलिडे यांचे लक्ष वक्ता आपले मत कोणत्या रूपात सादर करतो याकडे आहे. आपण पाहत आहोत ती कक्षा.

मराठीतही सर्व रूपे एकाच बाजूला उभी राहत नाहीत. ‘त्याने यायला पाहिजे’ हे वाक्य घ्या. ‘यायला पाहिजे होते’ असा भूतकाळ होतो, म्हणून ते वस्तुनिष्ठ वाटते. नकारार्थी ‘त्याने यायला नको’ यात मात्र नकार येण्यालाच लागतो, म्हणून ते आत्मनिष्ठ वाटते. अशा ठिकाणी एकाच कसोटीवर विसंबून निष्कर्ष काढू नये.

५.३.७ व्यवहारातील उपयोग

वृत्तपत्रांत पुढील धाटणीचे वाक्य आपण नेहमी वाचतो :

(१८) आग विजेच्या तारांमुळे लागली असावी, अशी शक्यता वर्तवली जात आहे.

येथे ‘असावी’ आणि ‘शक्यता’ दोन्ही आहेत, आणि तर्क शक्यतेच्या आत गेलेला दिसतो. मग स्तरांचा नियम मोडला काय? नीट पाहिले तर येथील ‘शक्यता’ हा शब्द ‘अंदाज’ या अर्थी आला आहे. त्याच्या जागी ‘असा अंदाज’ हे शब्द घालून पाहावेत. वाक्यात मुळात कोणाचा तरी तर्क आहे. ‘शक्यता’ या शब्दाने त्याला वस्तुनिष्ठतेचा पोशाख चढवला आहे आणि कर्मणी रचनेने तर्क करणाराच नाहीसा केला आहे. अशा वाक्यात ज्याच्यावर ठपका येऊ शकतो, त्याला ‘हा तर्क कोणाचा?’ असे विचारण्याचा हक्क आहे; पण वाक्य त्याचे उत्तर देत नाही. अहवाल, इतिवृत्त, पंचनामा, बातमी असे लेखन करताना ‘शक्यता आहे’ हे शब्द आधार असल्याखेरीज लिहू नयेत आणि तर्क असेल तेथे तो कोणाचा हे सांगावे. व्याकरणाच्या अभ्यासातून मिळणारा हा विवेक लेखनाच्या प्रत्येक क्षेत्रात उपयोगी पडतो.

५.४ सारांश

प्रकारता म्हणजे आशयाला दिलेली शक्यता, तर्क, कर्तव्य इत्यादींची जोड. वस्तुनिष्ठ प्रकारता वर्णिलेल्या परिस्थितीचा भाग असते. आत्मनिष्ठ प्रकारता वक्त्याच्या हमीशी वा आज्ञेशी निगडित असते. मराठीत ‘शक्यता आहे’ व ‘लागते’ ही रूपे काळ आणि नकार यांच्या कक्षेत येतात. ‘असावा’ आणि सूचनार्थी ‘करावा’ ही रूपे येत नाहीत. उपवाक्याची स्तररचना मानल्यास हे सर्व वर्तन एका नियमाने स्पष्ट होते. तथापि ‘पाहिजे’सारखी रूपे सीमेवर राहतात, म्हणून निर्णय शब्दावरून न करता वाक्यातील कार्यावरून करावा.

५.५ पारिभाषिक संज्ञा

कक्षा : एखादा घटक वाक्याच्या जेवढ्या भागाला लागू होतो, तेवढा भाग.
प्रतिज्ञप्ती : खरी वा खोटी ठरू शकणारी वैचारिक सामग्री.
वाक्कृती : बोलण्याद्वारे केली जाणारी कृती, विधान, प्रश्न, आज्ञा इत्यादी.

५.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१. अशा वाक्यात शक्यता हीच वस्तुस्थिती म्हणून सांगितलेली असते आणि ती असल्याचे वक्ता विनाशर्त सांगतो. मर्यादा ‘असे आहे’ या घटकाला पडते, ‘असे मी म्हणतो’ या घटकाला नाही.
२. पहिल्या वाक्यात नकार गाडी चुकण्याला लागला आहे. वक्त्याचा तर्क कायम आहे. दुसऱ्या वाक्यात नकार शक्यतेला लागला आहे.

५.७ सरावासाठी स्वाध्याय

१. आत्मनिष्ठ व वस्तुनिष्ठ प्रकारतेतील भेद स्वतःची उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
२. ‘विद्यार्थ्यांनी गणवेश घालावा’ आणि ‘विद्यार्थ्यांना गणवेश घालावा लागतो’ या वाक्यांना काळाची व नकाराची कसोटी लावा.
३. उपवाक्याचे चार स्तर सांगून प्रत्येक स्तरावरील प्रकारतेचे एक मराठी उदाहरण द्या.
४. उपक्रम : एका दिवसाच्या वृत्तपत्रातून ‘शक्यता’ हा शब्द असलेली पाच वाक्ये निवडा. प्रत्येक ठिकाणी त्याच्या जागी ‘अंदाज’ हा शब्द घालून पाहा आणि प्रकारता कोणती, ते सकारण लिहा.